रिकाम्या विमानांचं वजन

चाळकेवाडीच्या पठारावर त्या दिवशी आभाळ अगदी धुतल्यासारखं होतं. पवनचक्क्यांची पाती संथ फिरत होती. वारा मोजणाऱ्या केंद्राच्या पडद्यावर मात्र त्या मोकळ्या आभाळात काहीतरी उमटलं होतं. शेजारीशेजारी दोन लांबलचक भोवरे, एक डावीकडे फिरणारा, एक उजवीकडे. दोन्ही एका सरळ रेषेत पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेले.

"मुजावर, या पट्ट्यातून आत्ता कुठलं विमान गेलंय का बघा," डॉ. शाल्मली जगदाळे म्हणाली.

मुजावर केंद्रातले अभियंते. त्यांनी नागरी विमानांचा नकाशा उघडला, मग पुण्याच्या रडारचं चित्र मागवलं. "एकही नाही मॅडम. सगळं रिकामं आहे."

"रिकामं कसं असेल? असे जोडीने फिरणारे भोवरे वारा आपणहून करत नाही."

केंद्रातलं यंत्र साध्या कामासाठी बसवलेलं होतं. ते अतिनील लेसरचा झोत आभाळात सोडायचं. तो झोत हवेच्या रेणूंवर आदळून परत यायचा, आणि रेणू ज्या दिशेला सरकत असतील त्याप्रमाणे त्याच्या रंगात अगदी किंचित फरक पडायचा. त्या फरकावरून उंचावरची हवा कुठे आणि किती वेगाने वाहते आहे ते कळायचं, आणि सोसाट्याचा वारा यायच्या आत पवनचक्क्यांना सावध करता यायचं. शाल्मलीने गेली काही वर्षं या यंत्राची नजर इतकी बारीक करत नेली होती, की आता त्याला वाऱ्यातल्या सुरकुत्याही दिसत.

आणि ही सुरकुती तिच्या ओळखीची होती. विमान हवेत टिकतं ते हवेला सतत खाली ढकलत राहून. ढकललेली हवा पंखांच्या टोकांशी वळून वर येते आणि दोन भोवरे तयार होतात. विमान पुढे निघून जातं, भोवरे काही मिनिटं मागे रेंगाळतात. विमान जितकं जड, तितकी हवा जोराने ढकलावी लागते, तितका भोवऱ्याचा जोर जास्त. रडारला चकवता येतं. विमानाच्या अंगाला लेप लावून, त्याच्या कडा विशिष्ट कोनात वळवून, रडारच्या लहरी भलतीकडे पाठवता येतात. पण वजनाला चकवता येत नाही. जे उडतं त्याला आपल्या वजनाइतकी हवा खाली ढकलावीच लागते.

रडारवर न दिसणारं आणि एवढे दांडगे भोवरे मागे टाकणारं विमान आपल्या देशात एकच होतं. श्येन. वायुदलाचं दूर पल्ल्याचं बॉम्बफेकी विमान, शेपटी नसलेलं, नुसत्या एका पंखासारखं. हजारो किलोमीटर समुद्रावर जाऊन परत येणारं. संचलनात ते डोक्यावरून गेलं की लोक उठून उभे राहत. शाल्मलीचा थोरला भाऊ, विंग कमांडर समरजित जगदाळे, तेच उडवत असे.

भोवऱ्याचा जोर, विमानाचा वेग, पंखांची लांबी आणि त्या उंचीवरच्या हवेची घनता, एवढं हाती आलं की वजन काढता येतं. पंखांची लांबी संचलनाच्या छायाचित्रांवरून कुणीही मोजली असती. शाल्मलीने त्या हिवाळ्यात परतणाऱ्या श्येनांचे भोवरे टिपत ठेवले. परतीच्या विमानात इंधन थोडंच उरलेलं असतं, त्यामुळे जे वजन येतं ते जवळजवळ विमानाचं स्वतःचं आणि त्याच्या पोटातल्या अस्त्रांचं.

प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं, वायुदलाने जाहीर केलेल्या विमानाच्या निव्वळ वजनाइतकंच. पोटात काहीही नव्हतं. ज्या विमानांच्या भरवशावर देश निर्धास्त होता, ती रिकामी जात होती आणि रिकामी येत होती.

*

समरजित रजेवर कोरेगावला आला, तेव्हा शाल्मलीही घरी गेली. त्यांचे वडील सैन्यात सुभेदार होते. ते गेल्यापासून आई एकटीच राहायची. दुपारी आई आत आमटी फोडणीला घालत होती आणि ही दोघं मागच्या पडवीत घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"दादा, एक विचारू? रागावू नकोस."

"तू असं म्हणालीस की रागावण्यासारखंच काहीतरी असतं."

"तुझं विमान रिकामं असतं ना?"

समरजितचा हात शेंगेवरच थांबला. तो हळू आवाजात म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. हवेतून कळलं." आणि तिने भोवऱ्यांपासून ते छापायला तयार असलेल्या निबंधापर्यंत सगळं सांगितलं.

तो उठला, पडवीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. "शाले, तू काय शोधून काढलंयस कळतंय का तुला?"

"मला एवढंच कळत नाहीये, की रिकामी विमानं पाठवता तरी कशाला?"

"सांगतो." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "क्षेपणास्त्र एकदा सुटलं की सुटलं. मग दिल्लीत कुणाला पश्चात्ताप झाला तरी उपयोग नाही. पाणबुडी कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्या हाती निरोपही देता येत नाही. विमानाचं तसं नाही. ते धावपट्टीवर आणून उभं केलं की त्यांच्या उपग्रहाला दिसतं. उडालं की समोरच्याला समजतं, प्रकरण वाढलंय. ते अर्ध्या वाटेवर घिरट्या घालत ठेवता येतं, आणि माघारी बोलावता येतं. तेवढ्या तासांत माणसं फोनवर बोलतात, शुद्धीवर येतात. आम्ही काय करतो विचारशील तर आम्ही वेळ मिळवून देतो."

"पण रिकाम्या पोटाने?"

"शांततेच्या काळात अस्त्रं विमानात चढवायची नाहीत, असा आपला नियम आहे. चांगला नियम आहे. उद्या एखादं विमान कोसळलं तर? पण समोरच्याला तो नियम ठाऊक नाही. भरलंय की रिकामं, ही शंका त्याच्या मनात असते. आमचं सगळं बळ त्या शंकेत आहे. तू तुझा निबंध छापलास, की शंका संपली. मग मी काय घेऊन जायचं?"

"मी नाही छापला तर दुसरं कुणीतरी छापेल. हवा काय आपल्या एकट्याची आहे?"

"म्हणूनच मला हे वर कळवावं लागेल."

शाल्मलीला आधी वाटलं तो गंमत करतोय. "मी भाऊ म्हणून तुला सांगितलं, दादा."

"आणि मी भाऊ म्हणूनच ऐकलं. पण ऐकल्यावर गप्प बसलो तर मी कुणाचाच राहणार नाही. तुझाही."

"माझं काम काढून घेतील ते."

"माहीत आहे मला."

आतून आईचा आवाज आला, "ताटं वाढलीयत. काय कुजबुजायचं ते जेवल्यावर कुजबुजा." दोघं जेवायला बसली. आईने एकदा लेकाकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि काही न विचारता भात वाढत राहिली.

*

काही आठवड्यांतच शाल्मलीला दिल्लीला बोलावणं आलं. समोर एअर मार्शल बसवराज इंचल होते. बेळगावात वाढलेले, त्यामुळे मराठी बोलायचे, जराशा कानडी हेलात.

"तुमचा निबंध मी वाचलो बघा," ते म्हणाले. "फार सुंदर आहे. छापायला मात्र परवानगी मिळणार नाही."

"सर, गुपित ठेवायला हे काही यंत्र नाही. हा निसर्गाचा नियम आहे. मला दिसला तसा आणखी कुणालाही दिसेल."

"दिसेल की. तोवर आपल्याला दिसू दे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पठारावर परत जा, पवनचक्क्या सांभाळा, वर बघायचं नाही. नाहीतर इथे या. आम्ही तुमचं यंत्र उपग्रहावर चढवतो. समोरच्यांची विमानं तुम्ही तोला."

शाल्मलीला दोन्ही वाटा नको होत्या. पण उद्या समुद्रापलीकडे कुणी तिच्यासारखंच बसून दादाचं विमान तोलत असेल, तर त्या वेळी आपण वाऱ्याच्या झोतांचे अंदाज काढत बसलो होतो, असं व्हायला नको, एवढं तिला कळत होतं. ती दिल्लीला राहिली.

भावावरचा राग मात्र गेला नाही. तिच्या नावावर लागला असता असा शोध कुलपात पडला होता, आणि ते कुलूप त्याने घातलं होतं. तो फोन करायचा. ती उचलायची नाही. आई दोघांशी वेगवेगळी बोलायची आणि एकाची खुशाली दुसऱ्याला सांगायची. "समर विचारत होता, दिल्लीत थंडी फार आहे का," असं आई म्हणाली की शाल्मली म्हणायची, "त्याला सांग, आहे." दिवाळीला ती सुट्टी नसल्याचं निमित्त काढून घरी गेली नाही.

दोन वर्षांत 'वायुवेध' नावाचे उपग्रह आकाशात स्थिरावले. आता समुद्रावरही कुठल्याही विमानाचे भोवरे दिसू लागले होते.

*

ज्या देशाशी तेव्हा आपलं बिनसलं होतं, त्याचं नाव इथे घेत नाही. आता ते घ्यायची गरजही राहिलेली नाही.

बंगालच्या उपसागराच्या दक्षिणेला, खोल समुद्रात, त्यांचं एक तेलवाहू जहाज स्फोट होऊन बुडालं. पुढे चौकशीत निष्पन्न झालं की टाकीत साठलेल्या वायूनेच पेट घेतला होता. पण त्या आठवड्यात चौकशीला कुणाला दम होता? आपली एक गस्ती नौका जवळपास होती, तेवढं त्यांना पुरलं. त्यांच्या आरमाराने आपल्या दोन मालवाहू बोटी अडवल्या. भाषणं झाली. वाहिन्यांवर नकाशे झळकले. आणि एका सकाळी त्यांची सहा बॉम्बफेकी विमानं समुद्रावर येऊन घिरट्या घालू लागली.

आपल्याकडे पहिल्यांदाच नियम बाजूला ठेवला गेला. चार श्येनांच्या पोटात खरी अस्त्रं चढली. सर्वांत पुढचं विमान समरजितचं होतं.

शाल्मली निरीक्षण कक्षात पडद्यासमोर होती. एका बाजूला त्यांची सहा विमानं, दुसऱ्या बाजूला आपली चार. प्रत्येकाच्या मागे भोवऱ्यांची जोडी आणि शेजारी वजनाचा आकडा. इंधन जळेल तसा आकडा उतरत होता. किती वेगाने उतरतो त्यावरून इंधनाचा हिशेब लागायचा, आणि मग पोटात काय आहे ते उघडं पडायचं.

इंचल तिच्या मागे येऊन उभे राहिले. "बोला."

"त्यांची सहाही रिकामी आहेत, सर."

"नक्की?"

"सकाळपासून बघतेय. इंधन वजा केलं की खाली नुसतं विमान उरतं."

कक्षात एकदम हालचाल झाली. संरक्षण सल्लागार व्होरा पुढे आले. हुशार माणूस, आयुष्यभर याच विषयात मुरलेला. "म्हणजे नुसती पोकळ धमकी आहे. उत्तम! आपली विमानं पुढे सरकवा. ते मागे हटतील. पुन्हा वाटेला जाणार नाहीत."

इंचलनी शाल्मलीकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला ही धमकी वाटत नाही, सर. इतकी वर्षं आपणही रिकामीच विमानं पाठवली ना? ती कशाला पाठवली? बोलायला वेळ मिळावा म्हणून. तेही तेच करतायत." तिने आपल्या चार विमानांच्या आकड्यांकडे बोट दाखवलं. "भीती वेगळीच आहे. आपल्याला त्यांचं वजन दिसतंय, त्यांना आपलं दिसत नाहीये. आपणही नेहमीसारखे रिकामे आहोत, असं जर त्यांनी धरलं असेल, तर आपण कितीही पुढे गेलो तरी ते हटणार नाहीत. त्यांना वाटेल आपणच पोकळ धमकी देतोय. मग एका क्षणी समोरासमोर येऊन ठेपू, आणि त्या वेळी आपल्या पोटात खरंच अस्त्रं असतील."

"मग उपाय?" व्होरांनी विचारलं.

"त्यांना दिसू द्यायचं."

"म्हणजे?"

"वजन कसं काढायचं ते कळवायचं. त्यांच्याकडे हवामानाचा उपग्रह आहे, अशाच लेसरचा. डोळा त्यांच्याकडे आहे. कुठे बघायचं तेवढं त्यांना माहीत नाही. एका पानात मावेल, सर."

व्होरांचा चेहरा लाल झाला. "देशाने दोन वर्षं जिवापाड जपलेलं गुपित, ते शत्रूला पोचवायचं? आणि त्याबरोबर आपल्या श्येनचं अदृश्य असणंही घालवायचं कायमचं?"

"हो. दोन्ही जाईल."

"मॅडम," व्होरा आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा सख्खा भाऊ वर आहे, म्हणून तर हे नाही ना बोलत?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. शाल्मलीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "म्हणूनही बोलतेय. पण त्या सहा विमानांतही कुणाचे तरी भाऊ आहेत, आणि समीकरण त्यांनाही तेच लागू आहे."

इंचल म्हणाले, "ते पान लिहा." आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन त्यांनी सर्वांत वरच्या माणसाला फोन लावला. ते संभाषण काय झालं ते कुणाला कळलं नाही. बाहेर आल्यावर "पाठवा," एवढंच ते म्हणाले.

दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांमध्ये थेट फोनची एक तार होती. तिच्यावरून ते पान गेलं. शेवटी एक ओळ होती, इंचलनी सांगितलेली : तुमची विमानं रिकामी आहेत हे आम्ही पाहतो आहोत. आमची भरलेली आहेत. तुम्हीच पाहून घ्या.

मग वाट पाहणं आलं.

शाल्मलीची नजर समरजितच्या आकड्यावर खिळली होती. तो आकडा उतरत होता. एका मर्यादेखाली गेला की पुढे जायचं की परत फिरायचं हे ठरवावंच लागणार होतं. त्यानंतर परतीला इंधन पुरलं नसतं. दोन वर्षं तिने त्याचा फोन उचलला नव्हता. आता त्याच्याविषयी तिला एवढीच एक गोष्ट कळत होती, त्याचं वजन, आणि ते क्षणाक्षणाला कमी होत होतं. थंडी फार आहे का, एवढं साधं विचारत होता तो. सरळ उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

"सरकतायत," कुणीतरी ओरडलं.

त्यांच्या पहिल्या विमानाने वळण घ्यायला सुरुवात केली होती. घाई नव्हती. मोठा, रुंद, संथ वळसा. भोवरे स्वच्छ दिसावेत म्हणून मुद्दाम घेतल्यासारखा. त्यामागे दुसरं वळलं. मग तिसरं. सहाच्या सहा विमानांनी आपल्या विमानांकडे पाठ फिरवली, आणि पडद्यावर त्यांच्या भोवऱ्यांच्या कमानी एकात एक गुंतत गेल्या.

व्होरा खुर्चीत बसले. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. नंतर हात काढले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "आपलीही वळवा," तेच म्हणाले. "त्यांना दिसतील अशी."

इंचलनी आदेश दिला. चारही श्येन तसाच रुंद वळसा घेऊन फिरली.

संध्याकाळी चारही विमानं उतरली. अस्त्रांसह उतरण्याची सवय कुणालाच नव्हती. समरजितच्या विमानाची चाकं धावपट्टीवर धुरकटली, पण ते शेवटच्या टोकाआधी थांबलं.

थोड्या वेळाने शाल्मलीचा फोन वाजला. या वेळी तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"काय गं, कसा दिसत होतो वरून?"

"जड."

"होतोच जड." तो म्हणाला. "शाले, खरं सांगू? इतकी वर्षं रिकामं विमान नेताना मनात यायचं, एकदा तरी भरलेलं न्यावं. वैमानिक म्हणवतो आपण. आज नेलं. सगळा वेळ मागे पोटात काहीतरी निजलंय आणि ते उठू नये, असंच वाटत होतं. आता पुन्हा नको."

"दादा, दिल्लीत थंडी खूप असते," ती म्हणाली आणि रडायला लागली. पलीकडून तो हसला.

*

त्यानंतर जे झालं ते वर्तमानपत्रांत सविस्तर आलं. आधी दोन देशांत, मग आणखी काहींत करार झाला. बॉम्बफेकी विमानं कुणीच मोडीत काढली नाहीत. तेवढा विश्वास एका दिवसात बसत नाही. पण ती रिकामी उडतील, आणि ती रिकामी आहेत हे ज्याला हवं त्याने आभाळात पाहून घ्यावं, असं ठरलं. कुणी अस्त्रं चढवलीच तर तेही सगळ्यांना दिसणार होतं, आणि दिसल्यापासून ती विमानं पोचेपर्यंतचे तास बोलायला मोकळे राहणार होते. विमानांचं काम पूर्वीचंच राहिलं, वेळ मिळवून देणं. फक्त आता त्यासाठी कुणाला अंधारात ठेवावं लागत नव्हतं. पाहणीसाठी संयुक्त केंद्रं निघाली. त्यांतलं पहिलं चाळकेवाडीच्या पठारावर, आणि त्याची प्रमुख डॉ. शाल्मली जगदाळे.

उद्घाटनानंतरच्या आठवड्यात समोरच्या देशाच्या एक शास्त्रज्ञ तिथे आल्या. डॉ. सेरीन त्यांचं नाव. साठीच्या, बारीक चणीच्या, हवामानशास्त्रातच आयुष्य घालवलेल्या. वाऱ्यामुळे त्यांनी शाल कानांवरून घट्ट गुंडाळून घेतली होती. समरजितही त्या दिवशी मुद्दाम आला होता. सगळे इंग्रजीत बोलत होते, अडखळत, हातवारे करत.

चहा झाल्यावर सेरीनबाई शाल्मलीला म्हणाल्या, "तुमचं पान आलं तेव्हा उपग्रहाच्या पडद्यासमोर मीच होते. आमच्या सेनापतींनी मला विचारलं, हे खरं असू शकतं का, की काही डाव आहे?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, खरं आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "मला पडताळायची गरज नव्हती. मी ते आधीच शोधून काढलेलं होतं. वर्षभरापूर्वी."

शाल्मलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"वर्षभर तुमची विमानं मी तोलत होते," बाई म्हणाल्या. "नेहमी रिकामी. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर आमचे लोक म्हणाले असते, यांना घाबरायचं कारण नाही, रेटा पुढे. म्हणून गप्प बसले. आणि त्या सकाळी पाहिलं, तर तुमची विमानं जड." त्यांनी शाल पुन्हा कानांवर ओढून घेतली. "तुमची विमानं नेहमीच नुसती दाखवायला असतात, असा आमच्याकडे नुसता अंदाज होता, पण त्या दिवशी सगळे त्यावरच विसंबून होते. आजचा दिवस वेगळा आहे हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. पण सांगू कशी? वर्षभर लपवलं म्हणून मला तिथेच अटक केली असती, आणि माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता. मी उठले, पुन्हा बसले. पुन्हा उठले. आणि तेवढ्यात तुमचं पान आलं."

पत्र्यावर वाऱ्याचा आवाज येत होता.

शाल्मलीला आजवर वाटत होतं, आपण त्या दिवशी पलीकडे एक समीकरण पाठवलं. ते त्यांच्याकडे आधीपासूनच होतं. तिच्या पानामुळे एका बाईला तोंड उघडता आलं, एवढंच झालं होतं, आणि तेवढंच पुरलं होतं.

समरजित खुर्ची ओढून सेरीनबाईंच्या समोर बसला. "तुम्ही वर्षभर जी विमानं पाहिलीत, त्यांतली बरीचशी मी चालवत होतो," तो म्हणाला. "रिकामा आहे हे तुम्हाला माहीत होतं. मला पाडायला लावणं सोपं होतं. का नाही सांगितलंत?"

बाईंनी त्याला निरखून पाहिलं. त्या वैमानिकाचा चेहरा वर्षभर मनाशी कल्पून पाहिला असावा, आणि आता तो ताडून पाहत असाव्यात, असं काहीसं.

"मला वाटायचं," त्या सावकाश म्हणाल्या, "हा माणूस इतक्या लांब येतो, हातात काही न घेता येतो, आणि काही न करता परत जातो. याच्या घरी कुणीतरी वाट बघत असणार."

समरजित उठला, बाहेर जाऊन त्याने गाडी दाराशी आणून लावली, आणि पुढचं दार उघडून धरलं.

"चला," तो म्हणाला. "कोरेगाव इथून फार लांब नाही. आईला भेटायलाच हवं तुम्ही."